ढगांतील अहवाल आणि गिरणींतील फाइल



आजचा विषय ऐकून आपणांपैकीं कित्येकांस असें वाटेल, कीं ही तर मोठ्या शहरांतील संगणकतज्ज्ञांची विद्या. तिरोड्यासारख्या तालुक्याच्या गांवीं राहणाऱ्या, मॅट्रिकपर्यंत शिकून आयुष्यभर मुलांना पाढे शिकविलेल्या मास्तरानें तींत कशाला पडावें? यास माझें उत्तर असें, कीं ही विद्या आतां आपण होऊन आमच्या दारीं आलेली आहे. गोंदिया जिल्हा धानाचा. येथील भाताच्या गिरणींत पूर्वीं दिवाणजीच्या लाल बासनांत असणारी वही आतां एक्सेलच्या फाइलींत गेली आहे; आणि गिरणीचा धनी नागपुरास गेलेला असला, तरी आज किती धान आलें, किती भरडलें, किती तांदूळ निघाला, हें त्याला खिशांतील मोबाइलवर पाहावयाचें असतें. सेवानिवृत्तीनंतर अशा एक-दोन ठिकाणचे हिशेब मीं पाहिले, आणि तेथें जी अडचण पुनःपुन्हां आढळली तिच्याविषयीं आज बोलणार आहें. घरच्या संगणकावरील फाइल आणि दूरचा अहवाल यांची सांगड तुटते, पडद्यावर 'ओळख चुकली' किंवा 'परवानगी नाहीं' अशा अर्थाचें वाक्य उमटतें, आणि माणसें हवालदिल होऊन भलतेंच कांहीं तरी करून बसतात.

प्रथम ही रचना कशी असते तें समजून घेऊं. उदाहरणासाठीं मायक्रोसॉफ्ट कंपनीचें पॉवर बीआय हें साधन घेतों. तें २०१५ च्या जुलै महिन्यांत सर्वांसाठीं खुलें झालें, आणि एक्सेल वापरणाऱ्याच्या हातीं बहुधा तेंच लागतें. दिवाणजी आपल्या संगणकावर एक्सेलची फाइल भरतो. त्या फाइलीवरून पॉवर बीआय डेस्कटॉप नांवाच्या प्रोग्राममध्यें कोष्टकें व आलेख तयार होतात. नंतर तो अहवाल प्रकाशित करावयाचा, म्हणजे क्लाउडवर चढवावयाचा. क्लाउड म्हणजे ढग. परंतु हा ढग आकाशांत नसून जमिनीवरील मोठमोठ्या इमारतींत रात्रंदिवस चालणाऱ्या यंत्रांचा आहे. मायक्रोसॉफ्टनें आपल्या देशांत अशीं केंद्रें २०१५ सालींच सुरू केलीं, व त्यांतील एक पुण्यास आहे. अहवाल चढतो त्या क्षणीं फाइलींतील आंकड्यांची एक प्रत त्याच्याबरोबर वर जाते. मूळ फाइल गिरणींतच राहते. दुसऱ्या दिवशीं दिवाणजीनें फाइलींत नव्या ओळी भरल्या, कीं वरची प्रत शिळी झाली. ती ताजी करावयाची तर ढगांतील यंत्रानें गिरणींतील फाइल पुन्हां वाचली पाहिजे. आणि सारा घोटाळा येथेंच सुरू होतो.

अहवाल शिळा राहिला तर एवढें काय बिघडलें, असें कोणी विचारील. सरकारचें धान भरडून देणाऱ्या गिरणीस साध्या तांदळाच्या बाबतींत १०० किलो धानामागें ६७ किलो तांदूळ परत करावा लागतो. चार दिवसांपूर्वींचा आंकडा आजचा समजून धन्यानें नागपुराहून ट्रक बोलावले, तर ट्रक अंगणांत येऊन उभे राहतात आणि पोतीं भरलेलीं नसतात. ट्रकाचें भाडें अंगावर पडतें, हमालांचा दिवस फुकट जातो, आणि बोलणीं बसतात तीं दिवाणजीला. शिळ्या भाताला वास तरी येतो. शिळ्या अहवालाला तोहि येत नाहीं. रंगीत आलेख कालच्या इतकाच आजहि देखणा दिसतो.

आतां ढगांतील यंत्र गिरणींतल्या फाइलीपाशीं येतें कसें? त्यासाठीं मध्यें एक मध्यस्थ नेमावा लागतो. त्याला गेटवे म्हणतात. हा एक लहानसा प्रोग्राम असून तो गिरणींतीलच एखाद्या संगणकावर बसवितात. बाहेरून आंत कोणी शिरत नाहीं. गेटवेच आंतून बाहेरच्या दिशेनें जोडणी करून वरचा निरोप घेतो, 'अमुक फाइल वाचून पाठव' असें असलें तर ती वाचतो, आणि आंकडे वर पोंचवितो. यामुळें बाहेरच्यांसाठीं गिरणीच्या जाळ्याचें एकहि दार उघडें ठेवावें लागत नाहीं. या गेटवेचे दोन प्रकार आहेत. एक वैयक्तिक, तो ज्या माणसानें बसविला त्याच्या नांवानें, आणि तो माणूस लॉगिन करून असेपर्यंतच चालतो. दुसरा स्टँडर्ड; तो विंडोजच्या पोटांत सेवा म्हणून चालत राहतो, मग यंत्रासमोर कोणी असो वा नसो. दिवाणजीनें वैयक्तिक गेटवे बसविला, संध्याकाळीं लॉगआउट करून तो घरीं गेला, आणि अहवाल ताजा करण्याची वेळ रात्रीं दहाची ठेवलेली असली, तर तेथें चुकीचा पासवर्ड शोधण्यांत कांहीं अर्थ नाहीं. चाकरच घरीं गेलेला असतो.

यापुढील एका गोष्टीवर मी अंमळ रेंगाळणार आहें, कारण माझ्या पाहण्यांतील दहांपैकीं आठ दुखणीं तेथलीं असतात. दिवाणजी म्हणतो, "मास्तर, फाइल तर माझ्यासमोर धडधडीत उघडते आहे, मग हा परवानगी नाहीं कां म्हणतो?" प्रश्न वाजवी आहे, पण त्यांत 'माझ्यासमोर' हा शब्द फसवा आहे. फाइल दिवाणजीला उघडते हें खरें. पण रात्रीं दहा वाजतां जो ती उघडावयास येतो तो दिवाणजी नव्हे. तो दुसराच कोणी आहे. धनी स्वतः कोठाराशीं आला, तर चौकीदार मुकाट्यानें कुलूप काढतो. पण धन्यानें नव्या गड्याच्या हातीं चिठ्ठी देऊन त्याला पाठविलें, तर चौकीदार तीन गोष्टी पाहील. तूं कोण? कोणत्या कोठाराशीं आलास? आणि तुला आंत जाण्याची मुभा आहे काय? पडद्यावर उमटणारें वाक्य कितीहि लांबलचक इंग्रजींत असो, तें या तिहींपैकीं कोणत्या तरी एका प्रश्नाचें उत्तर चुकल्याचें सांगत असतें. पहिला प्रश्न ओळखीचा, दुसरा वाटेचा, तिसरा परवानगीचा. ओळख चुकली असतां परवानग्या बदलीत बसणें, किंवा वाट चुकली असतां पासवर्ड दहा वेळां टंकणें, हा निव्वळ कालापव्यय होय. म्हणून वाक्य शांतपणें वाचावें. 'क्रेडेन्शियल्स' किंवा 'लॉगऑन' हे शब्द असतील तर भांडण ओळखीचें आहे. 'कुड नॉट फाइंड' असें असेल तर वाटेचें. 'ॲक्सेस डिनाइड' असें असेल तर परवानगीचें. हा ताळा नेहमींच शंभर टक्के जुळतो असें नाहीं. परंतु प्रारंभ कोठें करावा तें यानें कळतें.

आधीं ओळखीचें पाहूं. येथें ओळखी दोन आहेत, आणि त्या एक समजल्यामुळें पुष्कळ गोंधळ होतो. ढगांत शिरण्याची ओळख निराळी. पॉवर बीआयमध्यें नांव नोंदविण्यास कचेरीचें किंवा शाळेचें खातें लागतें; जीमेलसारखा घरगुती पत्ता तेथें चालत नाहीं. गिरणींतील फाइल उघडण्याची ओळख निराळी, ती विंडोजची. गेटवेमध्यें फाइलीची नोंद करतांना एका विंडोज खात्याचें नांव व पासवर्ड लिहून द्यावा लागतो, आणि मग गेटवे त्या खात्याच्या नांवानें फाइलीच्या दाराशीं जातो. येथें लोक ढगाचा पत्ता आणि ढगाचा पासवर्ड घालतात, आणि तो नाकारला गेला कीं संतापतात. शाळेंतील हजेरीपटावरचें नांव सांगून टपाल कचेरींतून मनिऑर्डर मागण्यासारखाच हा प्रकार झाला.

त्यानंतरचा शत्रु म्हणजे पिन. हल्लीं संगणक सुरू करतांना आपण चार-सहा आंकड्यांचा पिन टंकतों, किंवा बोट टेकवितों. हा पिन फक्त त्याच एका यंत्रापुरता असतो. तो पासवर्ड नव्हे, आणि गेटवेला तो देऊन उपयोग नाहीं. कित्येक दिवाणजी वर्षानुवर्षें पिनच वापरून खरा पासवर्ड पार विसरलेले असतात. याहूनहि गमतीचा प्रकार म्हणजे ज्या संगणकाला पासवर्डच नाहीं तो. सोय म्हणून कोणी तरी तो रिकामा ठेवलेला असतो. विंडोजचा मूळचाच नियम असा आहे, कीं ज्या स्थानिक खात्याला पासवर्ड नाहीं तें खातें त्या यंत्रासमोर बसूनच वापरतां येतें. जाळ्यावरून त्या नांवानें कोणी आला तर त्याला आंत घेत नाहींत. बिचारा दिवाणजी पासवर्डाची जागा रिकामी सोडतो, कारण खरोखरच पासवर्ड नाहीं. आणि यंत्र म्हणतें, ओळख चुकली. दोघेहि आपापल्या परीनें खरें बोलत असतात! उपाय इतकाच, कीं त्या खात्याला पासवर्ड द्यावा.

खात्याचें नांवहि पूर्ण लिहावें लागतें. एका वर्गांत दोन रामा असले म्हणजे हजेरी घेतांना आडनांव लागतें, तसें येथें खात्याच्या आधीं यंत्राचें नांव आणि मध्यें उलटी तिरपी रेघ द्यावी लागते. मोठ्या कचेऱ्यांत सर्व यंत्रांचा मिळून एक मध्यवर्ती हजेरीपट असतो, त्याला डोमेन म्हणतात. तेथें यंत्राऐवजीं डोमेनचें नांव येतें. आमच्याकडील गिरण्यांत डोमेन क्वचितच. तेव्हां फाइल एका संगणकावर आणि गेटवे दुसऱ्यावर असेल, तर दोन्ही यंत्रांवर एकाच नांवाचें व एकाच पासवर्डाचें खातें उघडावें, म्हणजे या यंत्रावरचा माणूस त्या यंत्राला ओळखीचा वाटतो. पासवर्ड पुढें कधीं बदलला, तर तो दोन्ही यंत्रांवर बदलून गेटवेच्या नोंदींतहि बदलावा. हें तिसरें ठिकाण हमखास राहून जातें, आणि महिनाभर सुरळीत चाललेला अहवाल एके रात्रीं अचानक मान टाकतो. पॉवर बीआय डेस्कटॉपलाहि जुनी ओळख धरून ठेवण्याची खोड आहे. त्यानें नवा पासवर्ड विचारलाच नाहीं, तर 'डेटा सोर्स सेटिंग्ज' या पानावर जाऊन त्या फाइलीपुढील जुनी परवानगी पुसून टाकावी. मग तो निमूटपणें नव्यानें विचारतो.

आतां वाट. दिवाणजीच्या संगणकावर 'झेड' नांवाचा ड्राइव्ह दिसतो. वस्तुतः झेड असा कोठेंच नाहीं. तें दुसऱ्या यंत्रावरील सामायिक फोल्डरला दिवाणजीनें ठेवलेलें लाडकें नांव आहे, आणि तें त्याच्या लॉगिनपुरतेंच असतें. गेटवे सेवेच्या रूपानें चालतो, त्याला हें लाडकें नांव ठाऊक नसतें. म्हणून वाट नेहमीं पूर्ण लिहावी: दोन उलट्या तिरप्या रेघा, मग यंत्राचें नांव, मग सामायिक फोल्डरचें, मग फाइलीचें. आणि जी वाट डेस्कटॉपमध्यें लिहिली तीच गेटवेच्या नोंदींत असली पाहिजे. एकीकडे झेड आणि दुसरीकडे पूर्ण वाट असली, तर माणसाला दोन्ही एकच वाटतील, यंत्राला वाटत नाहींत. तीच गोष्ट सी ड्राइव्हची. दिवाणजीच्या संगणकावरील सी आणि गेटवेच्या संगणकावरील सी हीं दोन निराळीं घरें आहेत. दिवाणजीच्या सी मधील फाइल आपल्या सी मध्यें शोधून गेटवे रिकाम्या हातीं परततो. फाइल दिवाणजीच्या डेस्कटॉपवर, म्हणजे पडद्यावर नुसतीच ठेवलेली असली, तर ती त्याच्या खाजगी खोलींत असते. त्या खोलींत दुसऱ्या साध्या खात्याला मूळचाच मज्जाव आहे. हिशेबाची फाइल पडद्यावर ठेवूं नये, हें माझें आग्रहाचें सांगणें आहे.

तिसरा प्रश्न परवानगीचा. जाळ्यावरून फाइल उघडावयाची तर वाटेंत दोन पहारे लागतात. पहिला आवाराच्या फाटकावर. त्या फोल्डरच्या सामायिक परवानग्या, म्हणजे शेअरिंग. दुसरा खोलीच्या दाराशीं. त्याच फोल्डरच्या 'सिक्युरिटी' या पानावरील परवानग्या. या दोहोंपैकीं जी अधिक कडक असेल ती चालते. फाटकावर 'सर्वांना वाचण्यास मुभा' असें लिहिलें आणि खोलीच्या दारावर त्या खात्याचें नांवच नसलें, तर माणूस फाटक ओलांडून दाराशीं अडतो. लोक फाटकच पुनःपुन्हां उघडून पाहतात, आणि खोलीच्या दाराकडे कोणाचें लक्ष जात नाहीं. तेव्हां दोन्ही पानें पाहावीं, आणि दोन्हींकडे त्या एका खात्याला केवळ वाचण्याची परवानगी द्यावी. अहवालाला फाइलींत लिहावयाचें नसतें, वाचावयाचें असतें.

येथें एक चमत्कारिक गोष्ट सांगून ठेवतों. फोल्डरला परवानगी दिली, आंतील जुन्या फाइली उघडतात, आणि आजच ठेवलेली नवी फाइल तेवढी उघडत नाहीं, असें पुष्कळदां घडतें. कारण असें, कीं एकाच डिस्कवर फाइल एका फोल्डरमधून दुसऱ्यांत हलविली, तर ती आपल्या जुन्या घरच्या परवानग्या बरोबर घेऊन येते. पण तिची नक्कल करून ठेवली, तर ती नव्या घरच्या रीतीप्रमाणें वागते. 'कट' आणि 'कॉपी' या दोन शब्दांत हा एवढा फरक आहे. सासरीं आलेली सून माहेरच्या रीती सोडीत नाहीं, आणि सासरींच जन्मलेली मुलगी तेथल्याच रीतीनें वाढते, असें म्हणा ना.

आतां ज्या गोष्टीसाठीं मीं आजचें भाषण करावयाचें ठरविलें ती सांगतों. एका गिरणींत अहवाल आठवडाभर शिळा पडला. धनी रोज फोनवरून रागें भरे. शेवटीं गांवांतील एका जाणत्या म्हणविणाऱ्या तरुणानें येऊन पांच मिनिटांत रोग बरा केला. त्यानें हिशेबाच्या सबंध फोल्डरला, दोन्ही पहाऱ्यांवर, 'एव्हरीवन' म्हणजे सर्वांना, 'फुल कंट्रोल' म्हणजे वाचणें, लिहिणें, पुसणें असा पूर्ण अधिकार देऊन टाकला. अहवाल ताजा झाला, तरुणाला चहा मिळाला. परंतु त्याच फोल्डरमध्यें हमालांच्या उचलीची यादी होती. कोणीं किती पैसे आगाऊ घेतले, कशासाठीं घेतले, कोणाचें बँकेचें खातें कोणतें, आधार क्रमांक कोणता. गिरणीच्या वायफायवर ज्याचा त्याचा फोन व संगणक जोडलेला. थोड्याच दिवसांत एका हमालाला त्याच्या सोबत्यानें, सर्वांदेखत, लेकीच्या बाळंतपणासाठीं घेतलेली रक्कम आंकड्यासकट ऐकविली. तो माणूस दुसऱ्या दिवसापासून कामावर आला नाहीं. दिवाणजीचा यांत कांहीं दोष होता असें मला वाटत नाहीं. त्यानें रोग बरा करून मागितला, आणि वैद्यानें घराची भिंतच पाडून हवा खेळती केली.

२०२३ सालीं आपल्या संसदेनें डिजिटल स्वरूपांतील वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा केला आहे. पण कायद्याचें भय बाजूला ठेवलें, तरी ज्या माणसानें अडीअडचणीला आपल्यापुढें हात पसरला त्याची अडचण चव्हाट्यावर मांडण्याचा अधिकार गिरणीला कोणीं दिला? वास्तविक त्या रोगाचें मूळ शोधण्यास अर्धा तास पुरे झाला असता. तें खातें बिनपासवर्डाचें होतें, म्हणून यंत्र गेटवेची ओळखच मानीत नव्हतें. आणि 'सर्वांना' म्हटल्यावर ओळखीचा प्रश्नच उरत नाहीं, अशी त्या तरुणाची समजूत. वस्तुतः अहवाल सुरू झाला तो त्यानें त्याच झटक्यांत खात्याला पासवर्डहि दिला होता म्हणून. भिंत पाडण्याची मुळींच गरज नव्हती.

सरळ रीत अशी आहे. गेटवेसाठीं एक स्वतंत्र खातें उघडावें. त्याला 'अहवाल' असें नांव द्या, म्हणजे तें कशासाठीं आहे तें पुढील माणसाला कळेल. तें कोणा व्यक्तीचें नसावें, म्हणजे दिवाणजी बदलला तरी अहवाल बंद पडत नाहीं. त्याला चांगला लांब पासवर्ड असावा. मग एक स्वतंत्र फोल्डर करावें, त्यांत अहवालाला लागणारी फाइल तेवढीच ठेवावी, आणि त्या फोल्डरवर दोन्ही पहाऱ्यांपाशीं त्या एका खात्याला वाचण्याची मुभा द्यावी. उचलीची यादी, पगारपत्रक, बँकेचे कागद दुसरीकडे. हें झालें, कीं गेटवेच्या संगणकावर त्याच 'अहवाल' खात्यानें लॉगिन करून ती पूर्ण वाट टंकावी व फाइल उघडून पाहावी. उघडली तर ओळख, वाट आणि परवानगी या तिन्ही गोष्टी जुळल्या. मग पॉवर बीआयमध्यें तरीहि अडलें, तर दोष गेटवेच्या नोंदींतच आहे असें समजून तेथेंच शोधावा. ही एक परीक्षा केल्यावांचून पुढें कांहींहि बदलूं नये. गणितांत ताळा पाहिल्याशिवाय मुलानें पाटी पुसली म्हणजे मी रागावत असें. येथेंहि मला तसेंच वाटतें.

गेटवेच्या नोंदींतील दोष बहुधा दोन असतात. एक असा, कीं जोडणी तयार असते, परंतु ती वापरण्याचा हक्क अहवाल करणाऱ्याला दिलेलाच नसतो. प्रत्येक जोडणीला वापरणाऱ्यांची एक यादी असते. त्यांत त्याचें नांव घालावें. दुसरा असा, कीं अहवालामागील आंकड्यांच्या साठ्याचा मालक दुसराच असतो. साठ्याची ओळख त्याच्या मालकालाच बदलतां येते. जुना दिवाणजी नोकरी सोडून गेला, तर नव्यानें 'टेक ओव्हर' हें बटण दाबून मालकी आपणाकडे घ्यावी लागते, आणि घेतल्यावर ओळख पुन्हां लिहून द्यावी लागते. धन्याला अहवाल दिसतच नाहीं, ही निराळी तक्रार. तिचा फाइलीशीं कांहीं संबंध नाहीं. ती ढगांतील कार्यक्षेत्राच्या सभासदांच्या यादीशीं व पॉवर बीआयच्या परवान्याशीं निगडित आहे, आणि ती तेथेंच सोडवावी.

कांहीं दुखणीं परवानगीचीं भासतात, पण नसतात. दिवाणजी एक्सेलची फाइल उघडी ठेवून जेवावयास गेला, तर फाइल दुसऱ्याच्या वापरांत आहे अशा अर्थाची तक्रार येऊं शकते. ती बंद करावी म्हणजे झालें. गेटवेचा संगणक झोपला, किंवा वीज गेली, तर गेटवे सांपडत नाहीं असें येतें. आमच्या तालुक्यांत ३,३०० मेगावॉटचें औष्णिक वीजकेंद्र उभें आहे. पण वादळाच्या रात्रीं तार तुटली कीं गल्लींत अंधार पडतोच. तेव्हां गेटवे लॅपटॉपवर न बसवितां कायम चालू राहणाऱ्या संगणकावर बसवावा, आणि त्याची झोपण्याची सोय बंद करावी. दोन निरनिराळ्या ठिकाणचे आंकडे एकत्र केले असतां 'फायरवॉल' असा शब्द येऊन काम थांबतें, तेव्हां प्रत्येक साठ्याला खाजगी, संस्थेचा किंवा सार्वजनिक असा जो गुप्ततेचा दर्जा दिलेला असतो, त्यांचा मेळ बसत नाहीं. तेथें सर्वांना सार्वजनिक ठरवून मोकळें होण्याचा मोह होतो. पण दोन्ही साठे आपल्याच गिरणीचे असतील, तर दोहोंना संस्थेचा दर्जा देणें योग्य.

कोणी म्हणेल, कीं इतका खटाटोप कशाला? फाइलच ढगांत ठेवावी. हा सल्ला वाईट नाहीं. कंपनीच्या खात्याचें वनड्राइव्ह किंवा शेअरपॉइंट असेल, आणि फाइल तेथें ठेवली, तर गेटवे लागत नाहीं; ओळख एकच, ढगाची, आणि परवानगीहि ढगांतच. जिथें दिवाणजी एकटा आहे आणि जाळें बरें चालतें, तिथें मी हेंच सुचवितों. मात्र एक जपावें. तेथील ओळखहि पासवर्डावर अवलंबून असते. तो बदलला कीं मागें दिलेली ओळख रद्द होऊं शकते, आणि पुन्हां साइन इन करावें लागतें. शिवाय वजनकांट्याच्या संगणकांतून आपोआप निघणारी फाइल जाग्यावरच राहावयाची असेल, तर गेटवेवांचून गत्यंतर नाहीं.

सर्व कांहीं दुरुस्त झाल्यावर लोक एक गोष्ट विसरतात. अहवाल ताजा करण्याचा प्रयत्न लागोपाठ चार वेळां फसला, कीं पॉवर बीआय तें वेळापत्रकच बंद करून टाकतें. आपण ओळख सुधारली, वाट सुधारली, परवानगी दिली, हातानें एकदां ताजें करून पाहिलें, सर्व ठीक. आणि दुसऱ्या दिवशीं पाहावें तों अहवाल पुन्हां शिळा. वेळापत्रक बंद पडलेलें असतें; तें पुन्हां सुरू करावें लागतें. त्याच पानावर ताजें करण्याच्या प्रयत्नांचा इतिहास असतो, तो आठवड्यांतून एकदां तरी उघडून पाहावा. मीं तर एका ठिकाणीं अहवालाच्या माथ्यावरच शेवटची तारीख व वेळ मोठ्या अक्षरांत छापावयास लावली. धनी आतां आलेख पाहण्याआधीं तीच पाहतो.

आणि गेटवे बसवितांना यंत्र एक रिकव्हरी की, म्हणजे पुनःप्राप्तीचा शब्द, ठरवून मागतें. तो निदान आठ अक्षरांचा असावा लागतो. संगणक जळाला किंवा बदलावा लागला, तर हाच शब्द देऊन गेटवे नव्या यंत्रावर जसाच्या तसा उभा करतां येतो. शब्द हरवला तर तो कोणाकडूनहि परत मिळत नाहीं, आणि साऱ्या जोडण्या पहिल्यापासून कराव्या लागतात. तो कागदावर लिहून, पाकीट बंद करून, धन्याच्या तिजोरींत ठेवावा, आणि पाकिटावर तारीख घालावी.